जर्मनीत ऑर्गन बांधायला शिकताना

आपल्याकडे ऑर्गन म्हटले की संगीत नाटकाच्या साथीला असणारा, पायांनी भाता मारून वाजवायचा ऑर्गन डोळ्यांसमोर येतो. त्यात पेटीसारखे पितळी सूर हवेने थरथरतात. जर्मन चर्चमधील ऑर्गनचा आवाज मात्र नळ्यांतून निघतो. हँबुर्गच्या सेंट याकोबी चर्चमध्ये आर्प श्निटगर या कारागिराने १६९३ मध्ये पुरा केलेल्या ऑर्गनला ६० स्टॉप, म्हणजे एकेका जातीच्या नळ्यांचे ६० संच आहेत आणि नळ्यांची एकूण संख्या ४,००० च्या आसपास भरते. मी सांगलीत पेट्या दुरुस्त करत असे. भात्याची गळती काढणे, सूर जुळवणे ही कामे हाताखालून गेली होती, म्हणून जर्मनीतले ऑर्गन बांधणीचे शिक्षण सोपे जाईल अशी माझी समजूत होती. ती पहिल्याच महिन्यात गेली, कारण त्या महिन्यात मी एकही स्वर ऐकला नाही, फक्त ओकच्या फळ्या रंधून सरळ केल्या.

नव्याने येणाऱ्याने हे आधीच जाणून यावे. हे काम मुख्यतः सुताराचे, धातुकाम करणाऱ्याचे आणि हवेचा दाब सांभाळणाऱ्याचे आहे. संगीत त्यात शेवटी येते. केवळ बाख या जर्मन संगीतकाराच्या प्रेमाने आलेली मुले मी परत जाताना पाहिली आहेत. लाकडाच्या वासाने ज्याचे मन रमते तो टिकतो.

शिक्षण साडेतीन वर्षांचे असते. आधी एखाद्या कारखान्याशी करार करावा लागतो आणि मग अधूनमधून काही आठवडे लुडविग्सबुर्गच्या ऑस्कर वाल्कर शाळेत जावे लागते. ऑर्गन बांधणी आणि नळ्या घडवणे अशा दोन शाखा आहेत. व्हिसासाठी सर्वसाधारणपणे बी१, म्हणजे मध्यम पातळीचे जर्मन लागते, पण कारखान्यातील बोली त्या पुस्तकी जर्मनपेक्षा फार वेगळी असते, त्यामुळे आणखी एक पातळी पुढे शिकून गेलात तर पहिले वर्ष सुसह्य होईल. करारावर सही करण्यापूर्वी आठवडाभर काम करून पाहण्याची संधी अवश्य मागा. २०१७ मध्ये युनेस्कोने जर्मनीच्या ऑर्गनकलेला अमूर्त वारशात स्थान दिले, तेव्हा तेथे सुमारे ४०० कारखाने, २,८०० कारागीर आणि १८० शिकाऊ असल्याची नोंद होती. म्हणजे सरासरी एका कारखान्यात सातच माणसे. अशा ठिकाणी तुमचा प्रत्येक काप मायस्टरच्या, म्हणजे उस्ताद कारागिराच्या, नजरेखालून जातो.

मायस्टर ही पदवी शिकाऊपण संपल्यावर पुढे मिळवायची असते. तिच्या परीक्षेत हातकाम आणि तांत्रिक ज्ञान यांच्याबरोबरच व्यवसाय व कायदा आणि शिकाऊ मुलांना शिकवण्याची पात्रता असे एकूण चार भाग असतात. स्वतःचा कारखाना काढण्यासाठी मायस्टर असण्याची अट २००४ मध्ये काढून टाकली होती, ती २०२० मध्ये पुन्हा लागू झाली. माझ्या मते ते योग्यच झाले, कारण एखादा जुना ऑर्गन चुकीच्या हातात पडला तर तीनशे वर्षांचा आवाज एका दुपारी नाहीसा होऊ शकतो.

आता नळ्यांविषयी. कथील आणि शिसे वितळवून ते लांब टेबलावर ओततात. मिश्रण ढवळत राहायचे आणि ते किंचित दाटू लागले की ओतण्याच्या लाकडी चौकटीत भरून, ती चौकट टेबलाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न थांबता झपाझप न्यायची. मागे आरशासारखा पत्रा उरतो आणि क्षणार्धात त्याची झळाळी मंदावत जाते, जणू कोणी त्यावर फुंकर घालत आहे. मी हे कितीतरी वेळा पाहिले, तरी प्रत्येक वेळी हातातले काम थांबते.

पुढे पत्रा कापून, साच्यावर वळवून, डाग देऊन नळी होते. पण तिला आवाज नसतो, तो द्यावा लागतो. पायाच्या छिद्रातून हवा किती यावी, आतली धातूची आडवी चकती किती वर-खाली असावी, तोंड, म्हणजे नळीवरची आडवी फट, किती उंच कापावे, यावर स्वराचा स्वभाव ठरतो. तोंड उंच केले तर स्वर गोल आणि बासरीसारखा होतो, कमी ठेवले तर धारदार राहतो. दुसऱ्या वर्षी मायस्टरांनी मला एक नळी दिली. मला स्वर कर्कश वाटला, म्हणून मी तोंड कापत गेलो आणि थांबलो तेव्हा शेजारच्या नळ्यांशी तिचे काहीच जुळत नव्हते. ते रागावले नाहीत. नवा पत्रा समोर ठेवून ती नळी मुळापासून करायला सांगितली आणि त्यात माझे तीन दिवस गेले. तेव्हापासून मी कापण्यापूर्वी शेजारच्या दोन्ही नळ्या ऐकतो.

सूर जुळवण्याच्या कामात शिकाऊ माणूस खाली ऑर्गनच्या पट्ट्यांपाशी बसून सांगितली ती पट्टी दाबतो आणि मायस्टर वर नळ्यांमध्ये उभे राहतात. थंड चर्चमध्ये हे तासन् तास चालते. अनेकांना ते कंटाळवाणे वाटते, पण माझा कान तिथेच तयार झाला. छोट्या नळीच्या टोकात पितळी शंकू हलकेच दाबला की टोक पसरते आणि स्वर चढतो. पोकळ शंकूने टोक आवळले की तो उतरतो. हाताच्या उबेनेही नळी चढते, म्हणून स्पर्श केल्यावर थांबावे लागते.

शेवटच्या वर्षी एका सकाळी मायस्टर स्वतः पट्टीवर बसले आणि शंकू माझ्या हाती देऊन मला वर पाठवले. पहिली नळी जुळवून मी ती निवायची वाट पाहत राहिलो. ते खाली पट्टी दाबून बसले होते आणि स्वर स्थिरावेपर्यंत काहीच बोलले नाहीत.