२४ इंची २४० हर्ट्झ की २७ इंची फोरके? गेमिंग मॉनिटर निवडताना या चुका टाळा

शोधाशोध करून झाली की बहुतेकांची गाडी दोन मॉनिटरपाशी येऊन अडते. एक २४ इंची, १०८०पी, २४० हर्ट्झचा. दुसरा २७ इंची, फोरके, १४४ हर्ट्झचा. (१०८०पी, फोरके म्हणजे चित्रातल्या ठिपक्यांची, पिक्सेलची संख्या, अर्थात रिझोल्यूशन; हर्ट्झ म्हणजे पडदा सेकंदाला किती वेळा चित्र बदलतो तो दर.) मग दोघांचे आकडे शेजारी मांडायचे आणि ज्याचे जास्त मोठे दिसतील तो उचलायचा. गडबड इथेच होते, कारण हे दोघे एका कामाचे नाहीतच. पहिला ऑनलाइन शूटर, म्हणजे गोळीबाराचे गेम खेळणाऱ्याचा. दुसरा निवांत, देखणे गेम खेळणाऱ्याचा, कन्सोलवाल्याचा आणि दिवसभर स्क्रीनवर अक्षरं वाचणाऱ्याचा.

ग्राफिक्स कार्डाला न विचारता मॉनिटर घेणे

सगळ्यात महागात पडणारी चूक ही. १०८०पीमध्ये सुमारे २०.७ लाख पिक्सेल असतात, फोरकेमध्ये ८२.९ लाख, म्हणजे बरोबर चौपट. १०८०पीवर सेकंदाला आरामात २०० फ्रेम (चित्रं) देणारं कार्ड फोरकेवर ६०-७० वर येऊ शकतं, आणि मग १४४ हर्ट्झचे पैसे वाया.

हे विकत घेण्याआधी तपासता येतं. एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमध्ये ‘मॅनेज थ्रीडी सेटिंग्ज’मध्ये ‘डीएसआर फॅक्टर्स’ ४.०० पट करा. आता १०८०पीच्या जुन्या मॉनिटरवरही गेममध्ये फोरके रिझोल्यूशन निवडता येईल. एएमडीच्या कार्डांवर हेच काम ‘व्हर्च्युअल सुपर रिझोल्यूशन’ करतं. चित्र फोरकेसारखं दिसणार नाही, पण कार्डावर पडणारा भार खरा असेल. जे फ्रेम दिसतील साधारण तेच नव्या मॉनिटरवर मिळतील.

२४० हर्ट्झच्या बाबतीत अडचण उलटी असते. तिथे बहुधा प्रोसेसर कमी पडतो. गेममधलं रेंडर स्केल (चित्र मुळात किती पिक्सेलमध्ये रेखाटायचं ते प्रमाण) ५० टक्क्यांवर आणा. फ्रेम वाढलेच नाहीत, तर अडवणारा प्रोसेसर आहे, नवं कार्ड आणूनही फरक पडणार नाही. हिशेबही लक्षात ठेवा: ६० वरून १४४ हर्ट्झवर गेलं की दर फ्रेममागे ९.७ मिलिसेकंद वाचतात, १४४ वरून २४० वर गेलं की जेमतेम २.८. पहिली उडी कुणालाही जाणवते, दुसरी चुरशीच्या सामन्यात खेळणाऱ्यालाच.

दोन्ही कामं खरोखर निम्मी-निम्मी असतील तर या दोघांच्या मधला २७ इंची १४४०पी बघा. पिक्सेल ३६.९ लाख, म्हणजे १०८०पीच्या पावणेदोन पटींच्या आसपास. मधल्या फळीतल्या कार्डाला हा भार झेपतो.

खोक्यावरच्या ‘१ मिलिसेकंद’वर विश्वास

हा पिक्सेलला रंग बदलायला लागणाऱ्या वेळेचा आकडा. तो बऱ्याचदा ओव्हरड्राइव्ह (हा रंगबदल जलद करणारी मॉनिटरची सेटिंग) कमाल ठेवून मोजलेला असतो. त्या सेटिंगवर हलत्या वस्तूंच्या कडांना उजळ किंवा विचित्र रंगाची सावली दिसते. ओव्हरड्राइव्ह मधल्या पातळीवर ठेवा. व्हीए आणि आयपीएस हे पडद्याच्या पॅनेलचे दोन प्रकार. व्हीए पॅनेलमध्ये काळ्याकडून करड्याकडे जाणारे बदल संथ असतात, त्यामुळे अंधाऱ्या दृश्यात शत्रूमागे डाग फरफटत जातो. शूटरसाठी आयपीएस बरा. अंधाऱ्या खोलीत सिनेमे आणि भयपटछाप गेम हेच मुख्य काम असेल तर व्हीएचा गडद काळा रंग जास्त सुखावेल.

‘डिस्प्लेएचडीआर ४००’ या शिक्क्यालाही भुलू नका. त्यात लोकल डिमिंगची, म्हणजे पडद्याच्या भागाभागाचा उजेड वेगळा कमी-जास्त करण्याची, अट नाही. काळा काळा राहून फक्त दिवे झळकावेत ही एचडीआरची गंमत त्यात सहसा येत नाही.

कन्सोलसाठी २४० हर्ट्झ

पीएस५ आणि एक्सबॉक्स सीरीज एक्स १२० हर्ट्झच्या वर जात नाहीत, उरलेले हर्ट्झ शोभेचे. इथे पाहायचं ते पोर्ट. फोरके १२०साठी एचडीएमआय २.१ हवा, पीएस५चा व्हीआरआर (गेमच्या फ्रेमप्रमाणे मॉनिटरचा दर बदलण्याची सोय) देखील त्याशिवाय चालत नाही. नुसतं ‘२.१’ छापलेलं पुरेसं नाही, पोर्टची बँडविड्थ (सेकंदाला जाणारा डेटा) किती जीबीपीएस आहे ते माहितीपत्रकात शोधा.

आकार आणि अक्षरं

२४ इंचावर १०८०पी म्हणजे इंचाला ९२ पिक्सेल. तेच रिझोल्यूशन २७ इंचावर ताणलं की ८२ होतात आणि अक्षरांच्या कडा फाटतात. २७ इंची फोरकेवर १६३ मिळतात. विंडोजमध्ये स्केलिंग १५० टक्के ठेवलं की मजकूर छापल्यासारखा दिसतो. दिवसभर एक्सेल आणि रात्री गेम असा बेत असेल तर ओएलईडी (प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळणारं पॅनेल) घेण्याआधी दोनदा विचार करा. एका जागी तासन्‌तास थांबलेल्या टास्कबारचा कायमचा ठसा उमटण्याचा धोका त्यात असतो.

मॉनिटर परत करण्याआधी

‘१४४ हर्ट्झ घेतला, फरकच नाही’ ही तक्रार बऱ्याचदा ६० हर्ट्झवर चालणाऱ्या मॉनिटरची असते. विंडोजमध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, ॲडव्हान्स्ड डिस्प्ले इथे जाऊन दर स्वतः निवडावा लागतो. यादीत १४४ दिसतच नसेल तर आधी पीसीच्या मागे बघा: केबल मदरबोर्डच्या पोर्टमध्ये तर नाही ना? ती ग्राफिक्स कार्डालाच हवी. मग केबल बदला. जुन्या एचडीएमआय २.०वर फोरके ६० हर्ट्झपर्यंतच नीट चालतं. शेवटी मॉनिटरच्या मेन्यूत डिस्प्लेपोर्टची (एचडीएमआयसारख्याच दुसऱ्या जोडणीची) आवृत्ती १.४ आहे का पाहा. काही मॉनिटरमध्ये ती १.१ किंवा १.२ वर ठेवता येते आणि तशीच राहून जाते.

एचडीएमआयवर काळा रंग राखाडी, धुतल्यासारखा दिसत असेल तर तो सहसा पॅनेलचा दोष नसतो. ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर मॉनिटरला टीव्ही समजून ‘लिमिटेड’ रेंज (काळ्या-पांढऱ्यामधला आखूड पट्टा) पाठवतो. आउटपुट डायनॅमिक रेंज ‘फुल’ करा.

व्हीआरआर चालू असताना लोडिंग स्क्रीनवर उजेड लुकलुकणं व्हीए आणि ओएलईडीत सर्रास होतं. फ्रेम झपाट्याने वरखाली झाले की पॅनेलची चमक बदलते. गेमची फ्रेम-मर्यादा मॉनिटरच्या दरापेक्षा ३ फ्रेम खाली बांधा, १४४वर १४१. ग्राफिक्सही थोडे उतरवा, म्हणजे फ्रेम व्हीआरआरच्या खालच्या टोकाला, अनेक मॉनिटरवर ४८ला, वारंवार धडकणार नाहीत. एवढं करूनही खेळताना लुकलुक थांबली नाही तर त्या गेमपुरता व्हीआरआर बंद ठेवा.