मंत्र्यांच्या बदनामी खटल्याचा खर्च सरकारी तिजोरीतून झाला का, हे नाशिकमधून कसे शोधावे

मंत्र्यांचा बदनामीचा खटला उभा राहिला की वकिलाची फी कोण भरते, हे करदात्याने विचारायलाच हवे आणि त्याचे उत्तर मिळवण्यासाठी नाशिककराला मंत्रालयात खेटे घालावे लागत नाहीत. मात्र अर्ज लिहिण्याआधी एक गोष्ट तपासावी: हा वाद मंत्री म्हणून केलेल्या कामाचा आहे की व्यक्तिगत प्रतिष्ठेचा?

हा भेद कायद्यातच आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २२२ नुसार (पूर्वीचे फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १९९) मंत्र्याची बदनामी त्याच्या सार्वजनिक कर्तव्याच्या संदर्भात झाली असेल, तर शासनाच्या पूर्वमंजुरीने सरकारी अभियोक्ता (सरकारी वकील) सहा महिन्यांच्या आत थेट सत्र न्यायालयात फिर्याद दाखल करू शकतो आणि तो खटला उघडच सरकारी खर्चाने चालतो. व्यक्तिगत फिर्यादीचा मार्ग वेगळा आहे. मध्य प्रदेशच्या तत्कालीन मुख्यमंत्र्यांसाठी सरकारी अभियोक्त्याने दाखल केलेली फिर्याद सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये के. के. मिश्रा प्रकरणात रद्द केली, कारण आरोपांचा त्यांच्या सार्वजनिक कर्तव्याशी पुरेसा संबंध दिसत नव्हता. मंत्री प्रतिवादी असला तरी प्रश्न सुटत नाही. अरुण जेटली यांनी अरविंद केजरीवाल यांच्यावर लावलेल्या १० कोटींच्या दाव्यात राम जेठमलानी यांची बिले दिल्ली सरकारने द्यावीत का, यावर २०१७ मध्ये मोठा वाद झाला होता.

आता प्रत्यक्ष शोध. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर पक्षकाराच्या नावाने खटला शोधून त्याचा १६ अक्षरांकांचा सीएनआर क्रमांक टिपून ठेवावा, आणि फिर्याद कोणी दाखल केली व वकील कोण आहेत हे पाहावे. वकील खाजगी दिसला म्हणून खर्च खाजगी आहे असे मात्र समजू नये, कारण शासन विशेष आदेशानेही वकील नेमू शकते.

त्यानंतर माहिती अधिकाराचा अर्ज. तो जोडपत्र ‘अ’ या ठरलेल्या नमुन्यात, एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत लिहून, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून संबंधित विभागाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे टपालाने पाठवावा. शासनाच्या ऑनलाइन पोर्टलवरूनही तो करता येतो. मंत्र्यांचे खाते की विधी व न्याय विभाग, असा संभ्रम असेल तर फार अडून बसू नये, कारण चुकीच्या कार्यालयात गेलेला अर्ज माहिती अधिकार कायद्याच्या कलम ६(३) नुसार पाच दिवसांत योग्य ठिकाणी वर्ग करणे त्या कार्यालयावर बंधनकारक आहे.

बहुतेक अर्ज फसतात ते प्रश्नाच्या मांडणीत. ‘जनतेचा पैसा का उधळला?’ असे विचारले तर उत्तर मिळणार नाही, कारण अभिलेखात असलेली माहिती देणे एवढेच माहिती अधिकाऱ्याचे काम आहे. म्हणून कागद मागावेत: ‘अमुक क्रमांकाच्या खटल्यात वकील नेमल्याचा आदेश, फी मंजुरीचा शासन निर्णय, अदा केलेल्या देयकांच्या प्रती आणि ज्या लेखाशीर्षातून (अर्थसंकल्पातील खर्चाच्या शीर्षातून) रक्कम खर्ची पडली त्याचा तपशील द्यावा.’ वकिलाचा सल्ला मागू नये. तो गोपनीय म्हणून नाकारला जाण्याचा संभव जास्त असतो, देयकाबाबत तसे म्हणणे कठीण जाते.

उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत आहे. ‘वैयक्तिक माहिती’ म्हणून नकार आला, तर सरकारी तिजोरीतून दिलेली रक्कम ही सार्वजनिक खर्चाची बाब आहे आणि कलम ८(२) नुसार व्यापक जनहित माहिती नाकारण्याच्या अपवादापेक्षा वरचढ ठरू शकते, हे दोन्ही मुद्दे प्रथम अपिलात स्पष्ट मांडावेत. हे अपील नकार मिळाल्यापासून, किंवा उत्तरच आले नाही तर मुदत संपल्यापासून, ३० दिवसांत करावे. तिथेही दाद लागली नाही तर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे अपील करता येते, त्यामुळे पाठवलेल्या प्रत्येक कागदाची प्रत आणि टपालाची पावती पहिल्या दिवसापासून जपून ठेवावी.