उन्हाळ्यात हिरवा चारा बंद केला की पावसाळ्यात जनावर उलटते

चैत्र लागला, ऊन चढले आणि गव्हाणीत नुसता कडबा दिसू लागला. विहीर खाली गेली की पहिला बळी लसूणघासाच्या वाफ्याचा. "दोन महिन्यांचा तर प्रश्न आहे" म्हणत हिरवे पूर्ण बंद होते. दूध घटते, त्याची मनाची तयारी असते. खरा तोटा पुढे कळतो. जुलै-ऑगस्टमध्ये गाय तीनदा भरवूनही (रेतन करूनही) उलटते, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर येते, म्हैस माज दाखवत नाही आणि दोष जातो कांडीला (गोठवलेल्या वीर्याच्या नळीला), नाहीतर भरवणाऱ्याला. एक माज हुकला की २१ दिवस फुकट पोसणे. हे दरवर्षी गावोगाव घडते आहे, म्हणून आज उन्हाळ्यातली बाकीची कामे शेवटी यादीपुरती आणि हा विषय सविस्तर.

कडक उन्हाच्या ताणात जनावराच्या शरीरात पेशींना इजा करणारे मुक्त कण (फ्री रॅडिकल) वाढतात. त्यांचा मारा शुक्राणू आणि स्त्रीबीज या दोघांवर होतो. शुक्राणूचे आवरण असंतृप्त स्निग्धाचे असते, ते उघड्यावरच्या तेलासारखे चटकन खवट होते. म्हशीचे वीर्य गोठवताना त्याचा त्रास अधिक. वळूच्या शरीरात शुक्राणू तयार व्हायला साधारण ६० दिवस लागतात, म्हणजे मेमधला मारा जुलैत दिसतो. मादीचे गणितही तसेच. आज माजावर सुटणारे बीज अंडाशयात कित्येक आठवडे आधीपासून वाढत असते. त्यामुळे पाऊस पडून गारवा आला तरी दोन-तीन माज जाईपर्यंत बीज सुधारत नाही. गर्भ धरलाच, तर भरवल्यानंतरचे पहिले तीन दिवस तो उष्णतेला सर्वांत नाजूक असतो.

या माऱ्यापासून वाचवणारे बीटा-कॅरोटीन आणि ई जीवनसत्त्व जनावर स्वतः बनवत नाही. ते हिरव्या पानातून यावे लागते. वाळताना उन्हात कॅरोटीन उडून जाते, वर्षभर गंजीत राहिलेल्या कडब्यात जवळजवळ काहीच उरत नाही. याच कॅरोटीनपासून बनणाऱ्या अ जीवनसत्त्वाचा यकृतातला साठा तीन-चार महिने पुरतो, म्हणून मार्चमध्ये हिरवे तोडले तर मेपर्यंत फरक जाणवत नाही. इथेच लोक फसतात.

शिफारस मोठ्या जनावराला रोज २० ते २५ किलो हिरव्या चाऱ्याची आहे. एवढे जमत नाही म्हणून शेतकरी शून्यावर येतो. असे करू नका. ४५० किलोच्या गायीला रोज साधारण ५० हजार युनिट अ जीवनसत्त्व लागते, म्हणजे सव्वाशे मिलिग्रॅम कॅरोटीन. ताज्या हिरव्या लसूणघासात किलोला ३० मिलिग्रॅम धरले, तरी पाच किलोत ही गरज भागते. पोट कडब्याने भरू द्या, पण पाच किलो हिरवे पान चुकवू नका. लसूणघासाचे चार वाफे राखा. तेही नसतील तर बांधावरचा शेवगा, हादगा, उंबर, पिंपळ यांचा पाला काढा. सुबाभूळ हिरव्या वैरणीच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त नको, त्यातल्या मायमोसीनने केस गळतात आणि जनावर फळतही नाही. मुरघास (हवाबंद मुरवलेला हिरवा चारा) असेल तर उत्तम. उसाचे वाढे हिरवे दिसतात, पण एकट्या वाढ्यांवर भागवू नका. त्यातले ऑक्झलेट कॅल्शियम बांधून टाकते.

आता माझा अंदाज, याला कोणाची शिफारस नाही. गंजीची बाहेरची पेंढी पांढरी पडलेली असते. आत हात घालून मधली ओढली, तर पात्याला अजून हिरवट झाक आणि गोडसर वास असतो. ती पेंढी भरवायच्या जनावरासाठी ठेवा, बाहेरची भाकडांना टाका.

दुकानदार या दिवसांत "वनस्पतीजन्य अँटिऑक्सिडंट" (मुक्त कणांना आवर घालणारा पदार्थ) म्हणून बाटली पुढे करतो. हळदीतले कर्क्युमिन, ग्रीन टी, शेवग्याचा अर्क यांवर प्रयोग झाले आहेत, पण त्यांतले बरेच प्रयोगशाळेत, वीर्य पातळ करण्याच्या द्रावणात अर्क मिसळून केलेले. तिथेही मात्रा थोडी असली तर शुक्राणू टिकतात आणि जास्त झाली की तेच मंदावतात. तोंडावाटे पाजलेला अर्क आधी कोठीपोटातल्या (जनावराच्या पहिल्या, मोठ्या पोटातल्या) जिवाणूंच्या तावडीतून जातो. त्या बाटलीच्या पैशात ठिबकवर दोन गुंठे मका होतो. सेलेनियम आणि ई जीवनसत्त्वाचे इंजेक्शन वार अडकणाऱ्या गोठ्यात, विण्याआधी तीनेक आठवडे, डॉक्टर सांगतील तरच. सेलेनियमची गरज आणि विष यांतले अंतर फार थोडे आहे. स्वतः सुई टोचू नका.

वनस्पतीतले प्रत्येक अँटिऑक्सिडंट भले करते असेही नाही. सरकीतला गॉसिपॉल हाही कर्क्युमिनसारखाच पॉलिफिनॉल या वर्गातला. चीनमध्ये कच्चे सरकीचे तेल खाणाऱ्या गावांत मुले होईनात, तेव्हा दोष त्याचा निघाला. पुढे १९७० च्या दशकात पुरुषांच्या गर्भनिरोधक गोळीसाठी त्याच्याच चाचण्या झाल्या. मोठ्या गायी-म्हशीचे कोठीपोट बराचसा गॉसिपॉल निकामी करते, त्यामुळे दुभत्याला बेताची सरकी पेंड चालते. पैदाशीचा वळू, बोकड आणि लहान वासरे यांना मात्र ती देऊ नका, शेंगदाणा पेंड द्या. परदेशात वळूंवर झालेल्या प्रयोगात ई जीवनसत्त्वाने सरकीचे नुकसान कमी झाल्याचे दिसले. हिरवे तोडून सरकी वाढवणे म्हणजे दोन्हीकडून मार, आणि उन्हाळ्यात आपल्याकडे नेमके हेच चालते.

बाकी कामे:
- क्षार मिश्रण रोज ५० ग्रॅम, मीठ ३० ग्रॅम
- पाणी दिवसातून चार वेळा, सावलीत
- दुपारी म्हशीवर पाणी, जमल्यास डुंबणे
- वैरण पहाटे आणि रात्री
- म्हशीचा माज पहाटे पाच आणि रात्री दहाला पाहणे (उन्हाळ्यात माज मुका असतो, म्हणजे ओरडणे वगैरे खुणा दिसत नाहीत, बळस म्हणजे माजाचा चिकट स्राव बघा)
- सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरवणे, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या सकाळी
- भरवल्यावर तीन दिवस सावली आणि पाणी सोडून कुठेही न्यायचे नाही
- गोचीड, जंतनाशक
- पावसाआधी घटसर्प आणि फऱ्या लस
- पाणी असेल त्यांनी आत्ताच आफ्रिकन टॉल हा चाऱ्याचा मका. जूनसाठी फुले जयवंत या संकरित नेपियर गवताचे ठोंब राखणे

महिनोन्‌महिने हिरव्याला आसुसलेले जनावर पहिल्या पावसात कोवळ्या ज्वारीच्या फुटव्यावर तुटून पडते आणि किराळ (कोवळ्या ज्वारीतल्या सायनाइडची विषबाधा) लागून तासाभरात जाते. फुलोऱ्यापूर्वीची ज्वारी चारू नका, जनावर बांधावर मोकळे सोडू नका. जनावर थरथरू लागले, धापा टाकू लागले, तर कोणाच्या घरगुती उपायाची वाट न पाहता डॉक्टरांना फोन करा.