संगीत कार्यक्रमाची पोस्टरं तपासताय? या चुका टाळा

पोस्टर करणाऱ्या पोरांच्या चुकांवर भरपूर बोललं जातं. तपासणाऱ्यांवर कुणी बोलत नाही, आणि माझ्या मते निम्मा घोळ तिथंच होतो. ज्याला गुण मिळतात तेच पुढच्या वर्षीची पोरं करतात. एकदा काळ्यावरच्या सोनेरी अक्षरांना पहिला नंबर दिला की पुढच्या स्पर्धेत भिंतभर काळं-सोनेरीच लटकतं.

दिवाळीपासून पुढचे तीन-चार महिने आपल्याकडं मराठवाड्यात गाण्याचे. गावोगावी दिवाळी पहाट, अंबाजोगाईत यशवंतराव चव्हाण स्मृती समारोह, नांदेडला संगीत शंकर दरबार, आणि झालाच तर वेरूळ-अजिंठा महोत्सव. याच्या आगेमागे कॉलेजांत पोस्टर स्पर्धा लागतात, उपयोजित कलेच्या वर्गात तोच विषय दिला जातो आणि आमच्यासारख्यांना परीक्षक म्हणून बोलावणं येतं. शाल, नारळ, चहा आणि समोर गठ्ठा. पुढं जे चालतं ते बघून कंटाळा आला म्हणून हे लिहितोय.

पडद्यावर बघून नंबर काढणं

ही माझी सगळ्यात आवडती तक्रार, त्यामुळं जरा लांबण लागेल.

एका जिल्ह्याच्या गावी शास्त्रीय गायनाचा कार्यक्रम होता. पोस्टर विद्यार्थ्यांच्या स्पर्धेतून निवडायचं आणि तेच गावभर लावायचं, असं संयोजकांनी ठरवलेलं. कल्पना चांगली. आम्ही तिघं परीक्षक. हॉलचे पडदे ओढले, दिवे घालवले आणि प्रोजेक्टरवर एकेक पोस्टर दिसू लागलं. त्यात एक होतं काळ्याभोर जमिनीवरचं. तंबोऱ्याची बारीक सोनेरी रेषा, खाली तशाच केसासारख्या बारीक सोनेरी अक्षरांत कलाकाराचं नाव. अंधाऱ्या खोलीत ते असं झळाळलं की मागं बसलेल्या पोरांनी टाळ्याच वाजवल्या. मी म्हणालो, एक प्रिंट काढून आणू, मग ठरवू. सोबतचे दोघं म्हणाले, वेळ नाही, जेवणं थांबलीत. दोन विरुद्ध एक, पहिला नंबर.

फ्लेक्स निघाला दहा बाय आठचा आणि बसस्टँडच्या कोपऱ्यावर चढला. सोनेरीचा झाला शेवाळी. पडद्यावरचा रंग उजेडाचा असतो, तो आतून पेटतो. छपाईचा रंग चार शायांतून येतो आणि त्या चारांत सोनं नाही. त्यात काळी शाई पसरून बारीक अक्षरांच्या पोटात शिरली, कलाकाराचं नाव अर्धं मिटलं. फ्लेक्सवाल्याला विचारलं तर तो शांतपणे म्हणाला, "सर, स्क्रीनवर चमकायलंय ते छापल्यावर कसं चमकंल? मी सांगितलं होतं, पण फाइल पास झालीय म्हणाले." खाली उभ्या रिक्षावाल्यानं मात्र कळस केला. वर बघत म्हणाला, "कुणाचं सोन्याचं दुकान उघडायलंय?"

पोस्टर करणाऱ्या त्या पोरीचा यात काय दोष? तिला कुणी छापून बघायलाच लावलं नव्हतं. दोष पास करणाऱ्यांचा.

तेव्हापासून माझी सवय ठरलेली. पोस्टर प्रिंटवर बघायचं, तेही ए-थ्रीवर, साध्या झेरॉक्सच्या दुकानातून काढलेलं असलं तरी चालेल. व्हरांड्याच्या एका टोकाला भिंतीवर लावायचं आणि दुसऱ्या टोकाला जाऊन उभं राहायचं. तिथून कोण गाणार आणि कधी, एवढं वाचता आलं पाहिजे. कुठं गाणार, ते जवळ आल्यावर वाचता आलं तरी चालतं. शंका असेल तर त्याच प्रिंटची काळी-पांढरी झेरॉक्स काढायची. लालवर हिरवं, केशरीवर गुलाबी असली दोस्ती तिथं लगेच उघडी पडते, कारण झेरॉक्समध्ये दोन्ही सारखंच करडं होतं. आणि शेवटी मोबाइलवर, अंगठ्याच्या नखाएवढं करून. कारण खरं सांगायचं तर आजकाल बसस्टँडपेक्षा व्हॉट्सअॅपवरच पोस्टर जास्त फिरतं.

एवढ्याला फार तर अर्धा तास जातो. जेवण थांबतं.

न वाचताच "वा!" म्हणणं

कलाशिक्षक पोस्टर बघतात. वाचत नाहीत. रंगसंगती, तोल, मोकळी जागा यावर पाच मिनिटं बोलतील आणि तारीख आहे का हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. संगीत कार्यक्रमाचं पोस्टर लावायचं कारण माणसं योग्य वेळी योग्य जागी यावीत. ते जमत नसेल तर उरलेलं सगळं नक्षीकाम.

दिवाळी पहाटेच्या पोस्टरवर मी "पहाटे ५.३० पीएम" वाचलंय. कॅनव्हा या वेबसाइटवरचं तयार टेम्प्लेट घेतलेलं, आकडे बदलले, शेजारचं पीएम तसंच. त्याला दुसरा नंबर मिळाला होता! टेम्प्लेट वापरायला माझी ना नाही, पण तीन मिनिटांत पोस्टर करून उरलेले दोन तास रील बघणाऱ्या लेकरांना मी गुण देताना हात आखडतो, हे मान्य करतो.

वाचताना मी या गोष्टी शोधतो. "शनिवारी रात्री १२ वाजता" असं असेल तर कोणती रात्र? शुक्रवार संपतानाची की शनिवार संपतानाची? रात्रभर चालणाऱ्या मैफिलीला हा घोळ हमखास होतो. "पाडव्याला" एवढंच असेल तर इंग्रजी तारीख मागायची, पाडवे वर्षात दोन येतात आणि तिथी दरवर्षी सरकते. "नाट्यगृहात" लिहिलंय, पण कोणत्या गावच्या? प्रवेशिका आहे की मुक्त प्रवेश? आणि साथीदार. तबला, संवादिनी, तानपुरा यांची नावं गाळणं हा शास्त्रीय संगीताच्या पोस्टरवरचा सगळ्यात मोठा उद्धटपणा आहे. पोरांना वाटतं मुख्य गायकाचा फोटो मोठा केला की झालं. तबलजी तीन तास घाम गाळणार आणि त्याचं नाव नाही. मी यासाठी सरळ गुण कापतो, मग चित्र कितीही देखणं असो.

तुटलेली देवनागरी हाही याचाच भाग. "शास्त्रीय"मधला स पाय मोडून वेगळा पडलेला, "किराणा"तली वेलांटी क सोडून र च्या डोक्यावर. विद्यार्थी म्हणतो, "सर, असंच येतंय की." परीक्षक म्हणतात, तांत्रिक अडचण आहे, सोडून द्या. अजिबात सोडू नका. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांत प्रेफरन्सेसमध्ये जाऊन भारतीय लिप्यांचा पर्याय चालू करावा लागतो, तो केला की जोडाक्षरं जुळतात. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये केलेली फाइल दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर उघडली की गिचमिड होते, म्हणून कोरलमध्ये अक्षरं कर्व्ह करून, म्हणजे त्यांचे नुसते आकार करून द्यायची. हे ज्याला माहीत नाही त्यानं शिकावं, पण आपल्याच लिपीतला मोडका शब्द भिंतीवर लावून त्याला कला म्हणू नये.

उर्दूचं तर विचारूच नका. उर्दू कवी सिराज औरंगाबादींच्या शहरात, खुलताबादच्या दर्ग्यांपासून तासाभराच्या आत, कव्वालीच्या पोस्टरवर उर्दू मजकूर येणारच. पण उजवीकडून डावीकडं लिहायची सोय नसलेल्या सॉफ्टवेअरमध्ये तो चिकटवला की अक्षरं सुटी होतात आणि उलटी लागतात. परीक्षकाला उर्दू येत नाही, तो म्हणतो काय सुंदर वळण आहे! शेजारच्या वर्गातल्या उर्दू वाचणाऱ्या एका पोराला हाक मारली तर दोन सेकंदांत कळतं.

वाद्य न ओळखणं

तानपुऱ्याला पडदे, म्हणजे दांडीवरच्या आडव्या सळ्या, नसतात, सतारीला असतात. सरोदला पडदे नसतात, वर धातूची गुळगुळीत पट्टी असते. एवढं जरी परीक्षकाला माहीत असलं तरी निम्मी पोस्टरं बाजूला पडतील. ख्याल गायनाच्या कार्यक्रमाला गिटारची सावली आणि पाश्चात्त्य स्वरलिपीचं वेटोळं चिन्ह, हे मी दरवर्षी बघतो. कारण इंटरनेटवर "म्युझिक" टाकलं की तेच पहिल्यांदा येतं. देवीच्या गोंधळाच्या कार्यक्रमाला संबळ हवं, तिथं तबला. अंबाजोगाईच्या समारोहाला मागं बीबी का मकबरा. का? तर "सर, मराठवाडा दाखवायचा होता."

उलटवलेला फोटोही बघा. मांडणी जमावी म्हणून पोरं कलाकाराचा फोटो आडवा पलटतात. मग वादकाच्या उजव्या हाताचा तबला त्याच्या डाव्या हाताकडं आणि डग्गा उजव्या हाताकडं जातो. डावखुरे तबलावादक असतात, म्हणून आधी विचारायचं, पण बहुतेक वेळा उत्तर "फ्लिप केलाय सर" असंच येतं. ज्याचा फोटो आहे तो माणूस स्वतःच्या पोस्टरखाली उभा राहून काय म्हणत असेल, याचा विचार करा.

आता एआयनं यात भर घातलीय. तीन पुड्यांचा पखवाज (कातड्याची पुडी दोनच तोंडांना असते), कुठंही न बांधलेल्या तारा, सहा बोटांचे गवई. चित्र लांबून झकास दिसतं म्हणून परीक्षक फसतात. माझा उपाय सोपा आहे, पॅनेलवर एक वादक बसवा. गावात तबल्याचा क्लास असतोच. त्या गुरुजींना चित्रकलेतलं काही कळायची गरज नाही, वाद्य बघून ते हसले की समजायचं.

बाकीच्या, थोडक्यात

पहिल्या पोस्टरला कंजूष गुण आणि दमल्यावर शेवटच्यांना सढळ, हे होतंच. आधी हातात पेन न घेता सगळी एकदा बघून घ्या.

आपल्या विद्यार्थ्याचं पोस्टर ओळखू आलं तर त्याला गुण देऊ नका, दुसऱ्याला द्यायला लावा.

प्रायोजकांची आणि नेत्यांची चेहरेपट्टी विद्यार्थ्यानं घातलेली नसते, संयोजकांनी मागितलेली असते. त्यासाठी त्याचे गुण कापू नका. गवयापेक्षा नगरसेवक मोठा झाला असेल तर संयोजकांशी भांडा.

युवक महोत्सवातली पोस्टर मेकिंग स्पर्धा वेगळी. तिथं अडीच तास, जागेवर दिलेला विषय, बावीस बाय पंधरा इंचाचा कागद आणि हातानं रंगवलेलं काम. त्याला कॉम्प्युटरच्या सफाईची फूटपट्टी लावणं अन्याय आहे. रेष थरथरली तर थरथरू द्या, कल्पना बघा.

"छान आहे, अजून थोडं कर"

हा शेरा लिहिणाऱ्या परीक्षकांना माझा हात जोडून नमस्कार. अजून थोडं म्हणजे काय? लेकरू घरी जाऊन आणखी एक सतार टाकतं, एवढंच होतं.

मी प्रत्येक प्रिंटच्या मागं पेन्सिलीनं दोनच ओळी लिहितो. एक, लांबून मला काय वाचता आलं. दुसरी, काय वाचता आलं नाही. आवडलं-नावडलं लिहीत नाही, ते गुणांत आलेलंच असतं. "नाव वाचलं, तारीख दिसली नाही" एवढ्यानं विद्यार्थ्याला नेमकं कुठं हात घालायचा ते कळतं. अक्षरांत गोडी असलेल्या एखाद्याला मी सांगतो, अंबाजोगाईला जाऊन संतकवी दासोपंतांची पासोडी बघ. सुमारे चाळीस फूट लांब आणि चार फूट रुंद कापडावर हातानं लिहिलेलं पंचीकरण, म्हणजे पंचमहाभूतांचं तत्त्वज्ञान, ओळीमागून ओळ, मधे आकृत्या. एवढा मजकूर दाटीवाटीनं बसवूनही डोळा कुठं अडखळत नाही, ते कसं साधलंय हे उभं राहून शोध म्हणतो. फोटो बघून परत येणारे जास्त, प्रत्यक्ष जाणारे थोडे. जे जाऊन येतात त्यांच्या पुढच्या पोस्टरवर फॉन्टची संख्या पाचावरून दोनावर आलेली असते.