आवाज मागे पडतो तेव्हा : एफएफएमपेग नव्याने शिकणाऱ्यांसाठी

चवथीतली घुमट आरती, देवळाच्या मंडपातलं रात्रभराचं उत्सवी नाटक, शिगमोत्सवाची मिरवणूक. गोव्यात व्हिडिओचं काम शिकणाऱ्याच्या हातात आधी येतं ते असलंच चित्रण : एक कॅमेरा, दोन-तीन नातेवाइकांचे मोबाइल आणि मिक्सरवरून घेतलेला वेगळा आवाज. टर्मिनल उघडता येतं, एफएफएमपेग (चित्र-आवाजाच्या फाइल बदलणारं, कमांडने चालणारं सॉफ्टवेअर) चढवलेलं आहे, इनपुट-आउटपुट म्हणजे काय ते कळतं, एवढं धरून पुढचं लिहितोय. कमांड बोलताना म्हणतो तशाच दिल्या आहेत.

फाइलला हात लावण्याआधी एफएफप्रोब, म्हणजे एफएफएमपेगसोबतच येणारं, फाइलची माहिती सांगणारं साधन, चालवा. 'डॅश शो अंडरस्कोर स्ट्रीम्स' दिलं की लांबलचक यादी येते. घाबरू नका, त्यातलं थोडंच लागतं : कोडेक (चित्र-आवाज दाबून साठवण्याची पद्धत), पिक्सेल फॉरमॅट (रंग साठवण्याची रीत), आवाजाचा सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने), ऑडिओ ट्रॅक किती, आणि 'आर फ्रेम रेट' व 'अ‍ॅव्हरेज फ्रेम रेट' या दोन ओळी. यातली शेवटची जोडी सर्वांत महत्त्वाची, आणि नवशिक्यांपैकी जवळजवळ कुणीच तिच्याकडे बघत नाही.

मोबाइल सेकंदाला 30 फ्रेम घेतो असं सेटिंगमध्ये लिहिलेलं असतं, पण तो दर सेकंदाला नेमक्या तेवढ्याच घेत नाही. उजेड कमी झाला, फोन तापला, की फ्रेम कमी होतात. प्रत्येक फ्रेम कधी दाखवायची याची वेळ, म्हणजे टाइमस्टँप, फाइलमध्ये नोंदलेली असते, म्हणून फोनवर सगळं जुळलेलं दिसतं. हा बदलता फ्रेम रेट. वरच्या दोन ओळींतले आकडे वेगळे दिसले की बहुतेक वेळा हाच प्रकार असतो.

खरा सापळा यापुढे आहे. फ्रेम रेट एकसारखा करायचा म्हणून कुणीतरी सांगतं, 'डॅश आर 30 टाक.' कुठे टाक, ते सांगत नाही. एफएफएमपेगमध्ये पर्याय त्याच्या पुढे येणाऱ्या फाइलला लागू होतो. 'डॅश आर 30' जर 'डॅश आय'च्या आधी लिहिलं, तर फाइलमधले टाइमस्टँप बाजूला टाकून सगळ्या फ्रेम 30 च्या ठोक्याने मांडल्या जातात. तेच 'डॅश आय'नंतर, आउटपुटच्या आधी लिहिलं, तर टाइमस्टँप पाळले जातात आणि कमी-जास्त फ्रेम दुप्पट करून किंवा गाळून भरल्या जातात. शब्द तोच, पण जागा बदलली की काम उलटं.

हिशेब मांडून बघा. तासाभराच्या फाइलची सरासरी 29.7 असेल तर तीत 1,06,920 फ्रेम आहेत. त्या 30 च्या दराने पळवल्या तर चित्र 3,564 सेकंदांत संपतं आणि आवाज पूर्ण 3,600 सेकंद चालतो. शेवटाला 36 सेकंदांची तफावत. सुरुवातीची दोन मिनिटं तपासून फाइल पाठवली तर कळतसुद्धा नाही, आणि मंडळाचा फोन येतो तेव्हा उशीर झालेला असतो. फरक 29.97 आणि 30 एवढाच असला तरी तासाला 3.6 सेकंद जातात. निर्माण झालेल्या फाइलमध्ये 'फ्रेम रेट 30' असं अगदी नीट छापलेलंही असतं, म्हणून दोष शोधणारा माणूस भलतीकडेच शोधत बसतो.

म्हणून 'डॅश आर'च्या भानगडीत न पडता फिल्टर वापरा : 'डॅश व्हीएफ एफपीएस=30', व्हिडिओला लिबएक्स264 (एच264 चा एन्कोडर), 'डॅश सीआरएफ 18' (दर्जा ठरवणारा आकडा), आवाजाला 'डॅश एआर 48000'. फाइल मोठी होईल, होऊ दे; ही मधली प्रत आहे. जुन्या लेखांत फ्रेम दुप्पट करायच्या की गाळायच्या ते ठरवणारा 'व्हीसिंक' पर्याय दिसेल, 5.1 आवृत्तीपासून त्याच्या जागी 'एफपीएस मोड' आलं आहे. मोबाइलचं 30 चं चित्र जबरदस्तीने 25 करू नका, मिरवणुकीत चालणारी माणसं अडखळल्यासारखी दिसतात. त्यापेक्षा चित्रणाआधीच फोन 25 किंवा 50 वर लावायला सांगा. आपली वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे मंडपातल्या ट्यूबलाइटची फडफडही कमी होते.

आवाज सरकलाच असेल तर आधी निदान, मग औषध. सुरुवात, मध्य आणि शेवट अशा तीन जागा बघा. संवादांवर तपासू नका. ओठांच्या हालचालीत दोन-तीन फ्रेमचा फरक लपून जातो. घुमटावर बघा. बोटं चामड्यावर टेकलेली फ्रेम थांबवा आणि तिथून थाप किती पुढे-मागे ऐकू येते ते मोजा. 25 च्या दराने एक फ्रेम म्हणजे 40 मिलिसेकंद. तिन्ही जागी फरक सारखाच असेल तर फक्त सुरुवात चुकली आहे, 'आयटीएस ऑफसेट' देऊन आवाज सरकवा. फरक सारखा वाढत असेल तर दर चुकला आहे. वेगळ्या रेकॉर्डरचं घड्याळ कॅमेऱ्याशी तंतोतंत जुळत नाही, त्यामुळेही असं होतं. 3,600 सेकंदांच्या चित्राला 3,602 सेकंदांचा आवाज असेल तर 3602 भागिले 3600, म्हणजे आवाजाचा वेग बदलणारा फिल्टर 'एटेम्पो=1.000556'. एवढा बदल कानाला कळत नाही. आणि फरक एखाद्या जोडापाशी एकदम उडी मारत असेल तर चूक जोडणीत आहे.

जोडणीबद्दल थोडक्यात. कॉन्कॅटच्या (एकामागून एक जोडण्याच्या) यादीने 'डॅश सी कॉपी' करून, म्हणजे पुन्हा एन्कोड न करता, जोडता येतात त्या फक्त एकाच जातीच्या फाइल : कोडेक, आकार, टाइमबेस (वेळ मोजण्याचं एकक), सॅम्पल रेट सगळं सारखं. 48,000 च्या तुकड्यांमागे 44,100 चा एखादा घुसला की त्या भागात आवाज चढा किंवा तुटक येतो. 'नॉन-मोनोटॉनिक डीटीएस'च्या (वेळा क्रमाने पुढे जात नसल्याच्या) ओळी धडाधड उतरू लागल्या तर त्या वाचा. त्या लपवण्यासाठी 'लॉगलेव्हल क्वाएट' शिकवणारा गुरू सोडून द्या, हे मी अगदी मनापासून सांगतो. तुमचा पूर्ण लॉग मागून घेतो तो खरा शिकवणारा. तयार कमांड हातात देऊन मोकळं होणाऱ्यांनी अनेकांची वर्षं वाया घालवली आहेत.

कापताना 'डॅश सी कॉपी' वापरलं की तुकडा हव्या त्या क्षणी सुरू न होता आधीच्या कीफ्रेमपासून (पूर्ण चित्र साठवलेल्या फ्रेमपासून) सुरू होतो, कधी चित्र क्षणभर गोठलेलं दिसतं. ती बिघाडाची खूण नव्हे, कॉपीचा तो स्वभावच आहे. नेमका काप हवा असेल तर पुन्हा एन्कोड करावं लागतं, त्याला पळवाट नाही. आणि दोन माइक वेगळ्या ट्रॅकवर असतील तर 'डॅश मॅप 0' लिहा, नाहीतर एफएफएमपेग एकच ऑडिओ ट्रॅक उचलतं आणि गायकाचा आवाज गुपचूप मागे राहतो.

व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेली कमांड तशीच चिकटवू नका. वाटेत सरळ अवतरणचिन्हं वाकडी झालेली असतात, छोट्या डॅशचा लांब डॅश झालेला असतो, आणि फाइल समोर दिसत असूनही 'नो सच फाइल' येतं. स्वतः टाइप करा, हातही बसतो. यादीतल्या फाइल एकामागून एक करणाऱ्या 'व्हाइल रीड'च्या लूपमध्ये मधल्याच फाइल सुटत असतील तर 'डॅश नोएसटीडीइन' घाला; एफएफएमपेग यादीतली अक्षरं स्वतःच गिळत असतं.

पावसाळ्यात एन्कोड चालू असताना वीज गेली की 'मूव्ह अ‍ॅटम नॉट फाउंड' भेटतं. एमपी4 ची अनुक्रमणिका, म्हणजे हाच मूव्ह अ‍ॅटम, शेवटच्या पानावर लिहिली जाते. तिथवर पोचण्याआधी काम तुटलं तर आतलं सगळं असूनही फाइल उघडत नाही. 'फास्टस्टार्ट' यातून वाचवत नाही, कारण तेही काम संपल्यावरच अनुक्रमणिका पुढे आणतं. लांबचं काम एमकेव्हीत करा : जिथवर लिहिलं तिथवर चालतं, आणि नंतर 'डॅश सी कॉपी'ने एमपी4 करायला फार वेळ लागत नाही. कॅमेऱ्याची मूळ फाइलच अशी तुटली असेल तर त्या कार्डावर पुढे काहीही लिहू नका. त्याच कॅमेऱ्याची, त्याच सेटिंगची धडधाकट फाइल सोबत देऊन 'अनट्रंक' हे तुटक्या फाइल दुरुस्त करणारं साधन चालवा. पुष्कळदा चित्र परत मिळतं, धीर सोडू नका.

फाइल पेनड्राइव्हवर देणार असाल तर दोन गोष्टी बघा. फॅट32 वर 4 जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. तीन तासांचं नाटक असेल तर एक्सफॅट करा किंवा अंकानुसार तोडा. आणि घरच्या टीव्हीवर आवाज येऊन चित्र काळं राहिलं तर पिक्सेल फॉरमॅट बघा. नव्या फोनचं 10 बिटचं चित्र जुन्या टीव्हीला झेपत नाही, 'डॅश पिक्स अंडरस्कोर एफएमटी वाययूव्ही420पी' देऊन एच264 मध्ये काढा आणि द्यायच्या आधी एखाद्या टीव्हीवर शेवटचा अंक लावून बघा.