पिसांची दुलई म्हणजे कापसाची गादी नव्हे: या चुका टाळा

"दुलई धुतली, दोन दिवस वाळवली, हाताला कोरडी लागतेय, पण ओल्या कुत्र्यासारखा वास येतोय." परदेशात पहिला-दुसरा हिवाळा काढणाऱ्या मराठी घरांतून ही तक्रार ठरलेली. चौकशी केली की कारण बहुतेक वेळा एकच निघतं. दुलई पिसांची, पण तिला वागवलं कापसाच्या रजईसारखं. कडक ऊन दिलं, काठीनं झोडपलं, डांबरगोळ्या टाकून दाबून ठेवलं. कापसाला हे सगळं मानवतं, पिसांना यातलं काहीच मानवत नाही.

आधी आत काय भरलंय ते समजून घ्या. बदकाच्या किंवा हंसाच्या छातीपोटावर मोठ्या पिसांखाली मऊ लव असते, ती म्हणजे डाउन. तिला दांडा नसतो. रुईच्या बोंडातून उडणारी म्हातारी आठवते? तशीच, मधल्या एका बिंदूतून चहूबाजूंनी तंतू फुटलेली. या तंतूंमध्ये हवा अडकते आणि ऊब त्या अडकलेल्या हवेची असते. पिसाला मात्र मधे वाकलेला दांडा असतो. तो स्प्रिंगसारखा भार पेलतो, म्हणून पिसं उशीत जास्त आणि डाउन दुलईत जास्त. लेबलवर ९०/१० लिहिलेलं असेल तर नव्वद टक्के डाउन आणि दहा टक्के पिसं.

म्हणजे ऊब जाडीत आहे, वजनात नाही. दुकानात दुलई हातात तोलून "ही जड आहे, हीच गरम" म्हणणं ही पहिली चूक. फिल पॉवर बघा. एक औंस, म्हणजे सुमारे २८ ग्रॅम डाउन फुगून किती घनइंच जागा व्यापतं, त्याचा तो आकडा. ८०० फिल पॉवरचं ६०० ग्रॅम डाउन जेवढी जागा भरतं, तेवढीच भरायला ६०० फिल पॉवरचं ८०० ग्रॅम लागतं. ऊब सारखीच, अंगावर २०० ग्रॅम कमी. शिवणही बघा. वरचं आणि खालचं कापड थेट एकमेकांना शिवलेलं असेल तर शिवणीवर जाडी शून्य आणि तिथून गारवा शिरतो. कडाक्याच्या थंडीसाठी दोन कापडांमध्ये कापडाच्याच उभ्या पट्ट्या लावून कप्पे केलेली दुलई घ्या.

वाळली असं वाटणं आणि वाळणं

सगळ्यात जास्त दुलया इथेच वाया जातात, म्हणून इथे थांबून नीट वाचा.

एका घरातली १३५ × २०० सेंटिमीटरची, ९०/१० भरणाची चांगली दुलई. घरच्या सहा किलोच्या मशिनमध्ये कोंबून धुतली, नोव्हेंबरात बाल्कनीत दोरीवर टाकली. दुसऱ्या दिवशी वरचं कापड खडखडीत वाळलेलं, म्हणून खोळ चढवून अंथरली. आठवड्यात आंबूस वास सुटला. उजेडासमोर धरली तर प्रत्येक कप्प्यात लिंबाएवढे काळपट गोळे आणि गोळ्यांभोवती मोकळं कापड. तराजूवर २ किलो १०० ग्रॅम भरली. धुण्याआधी ती १ किलो ७०० ग्रॅमची होती. म्हणजे "वाळलेल्या" दुलईत ४०० ग्रॅम पाणी होतं, जवळजवळ दोन पेले. पुन्हा धुऊन मोठ्या ड्रायरमध्ये साडेचार तास फिरवल्यावर ती बरीचशी परत आली. दोन कप्पे मात्र चपटेच राहिले.

असं का होतं? डाउन बाहेर पडू नये म्हणून दुलईचं कापड अतिशय घट्ट विणीचं असतं. ते स्वतः तासा-दोन तासांत वाळतं. आतलं डाउन ओलं झालं की तंतू एकमेकांना चिकटून गोळा होतो, आणि गोळ्याच्या पोटातलं पाणी ना वाऱ्याला सापडतं ना उन्हाला. पाणी तसंच राहिलं की डाउन कुजायला लागतं. कापसाची रजई गुठळली तर पिंजाऱ्याकडून पिंजून घेता येते. कुजलेल्या डाउनला पिंजण्याचा उपाय नाही.

यावर साधा, भरवशाचा उपाय म्हणजे वजन. विमानाची बॅग तोलायचा हातातला काटा परदेशातल्या बहुतेक मराठी घरांत असतोच. दुलई धुण्याआधी मोठ्या पिशवीत घालून तोला आणि आकडा लेबलच्या कडेला पेनानं लिहून ठेवा. वाळवून झाली की पुन्हा तोला. आकडा आधीच्या आकड्यापेक्षा ५० ग्रॅमहून जास्त असेल तर ती वाळलेली नाही, हाताला काहीही लागो.

धुण्याचा क्रम असा. आधी शिवणी तपासा, उसवलं असेल तर शिवून घ्या, नाहीतर मशिनच्या जाळीत पिसं अडकतील. मशिन समोरून उघडणारं हवं. मधे दांडा फिरणाऱ्या मशिनमध्ये आतल्या पट्ट्या फाटतात. दुलई घातल्यावर ड्रमचा तिसरा हिस्सा तरी मोकळा दिसला पाहिजे. एकेरी दुलईला किमान ८ किलोचं मशिन लागतं. दुहेरी असेल तर सरळ नाणी टाकायच्या लाँड्रीत १२ ते १६ किलोच्या मशिनकडे जा. नाजूक कपड्यांचा प्रोग्रॅम, ३० ते ४० अंश. लेबलवर ६० लिहिलं असेल तरच ६०. धूळकिडे मारायचे असतील तर ६० लागतातच, पण त्यासाठी लेबलला डावलू नका.

साबण डाउनसाठीचा खास द्रवरूप वापरा, बाटलीवर लिहिलाय तेवढाच. तो नसेल तर लोकरीच्या कपड्यांचा, तीसेक मिलिलिटर. नेहमीच्या पावडरीतली एन्झाइमं डाग खातात ती प्रथिनं तोडून, आणि पीसही प्रथिनाचंच बनलेलं आहे. डाउनवर मुळात थोडासा नैसर्गिक तेलकटपणा असतो, तो कडक साबणानं निघून गेला की तंतू ठिसूळ होतात. फॅब्रिक सॉफ्टनर अजिबात नको. तो तंतूंवर थर धरतो आणि डाउन फुगायचं थांबतं. ब्लीच तर नकोच. दोनदा जास्तीचं खळबळा, दोनदा स्पिन करा.

ओली दुलई बाहेर काढताना एका कोपऱ्यानं ओढू नका. पाण्यानं तिचं वजन कितीतरी वाढलेलं असतं, कप्पे आतून फाटतात. दोन्ही हात खाली घालून बाळासारखी उचला. पिळू नका.

ड्रायर कमी तापमानावर. सोबत दोन-तीन स्वच्छ टेनिस बॉल, प्रत्येक पांढऱ्या मोज्यात बांधून, नाहीतर बॉलचा रंग लागतो. दर अर्ध्या तासाला थांबवा, दुलई काढा, बोटांनी प्रत्येक कप्प्यातले गोळे सोडवा, उलटी करून परत घाला. तीन ते चार तास लागतात. घाईनं तापमान वाढवलं की कापड तापतं, दांडे कडक होतात आणि गोळ्याचा गाभा तरीही ओलाच राहतो. चार तास मोकळे नसतील त्या दिवशी दुलई धुवायला घेऊच नका. शेवटी एक रात्र कपड्यांच्या स्टँडवर पसरून ठेवा, सकाळी पुन्हा तोला, मगच खोळ.

महाराष्ट्रात ड्रायर नसेल तर हे काम मार्च ते मेमध्येच करा, तेही पुणे-नाशिककडच्या कोरड्या हवेत. खाटेवर आडवी पसरा, उन्हाचा थेट मारा लागू नये म्हणून वर पातळ सुती साडी टाका. तासातासाला गोळे फोडा आणि पालथी करा. दव पडायच्या आत रोज घरात घ्या. तीन दिवस धरून चाला. मुंबई-कोकणात पावसाळ्यात पिसांची दुलई धुणं म्हणजे तिला कुजायला घालणं.

खोळ नीट वापरली तर दुलई दोन-तीन वर्षांतून एकदाच धुवावी लागते. दर दोन महिन्यांनी धुणारे स्वच्छतेच्या नादात डाउन संपवतात.

उशीला तेल

आपल्याकडची खास चूक. रात्री डोक्याला खोबरेल चोपडायचं आणि पिसांच्या उशीवर नुसता एक पातळ अभ्रा. तेल अभ्र्यातून उशीच्या कापडात आणि तिथून आत उतरतं. पिसं चिकटतात, उशी चपटी होते, पिवळे डाग पडतात, आणि मग उशीच वाईट निघाली म्हणून ओरड. अभ्र्याच्या आत चेन असलेली घट्ट विणीची सुती खोळ हवी. अभ्रा दर आठवड्याला आणि आतली खोळ महिन्याला धुवा. तेल लावलेल्या रात्री वरून जुना टॉवेल टाका.

डाग पडलाच तर अख्खी उशी भिजवू नका. डागाखालची पिसं बोटांनी बाजूला सारा, रिकाम्या कापडाची चिमूट उचलून बुडाशी रबरबँड घट्ट बांधा. मग तेवढीच चिमूट भांड्यांच्या साबणाच्या दोन थेंबांनी चोळा, पाण्यानं धुवा आणि रबरबँड न काढता वाळवा. पिसाला पाणी लागतच नाही. दुलईवर चहा सांडला किंवा लहान मुलानं थोडं ओलं केलं तरी हीच युक्ती चालते, फक्त लगेच करायला हवी. उशी धुवायचीच असेल तर दोन एकदम धुवा, म्हणजे ड्रमचा तोल राहतो.

टोचणारं पीस उपटू नका

उशीतून दांड्याचं टोक बाहेर आलं की चिमटीत धरून खेचायचा मोह होतो. खेचलं की भोक मोठं होतं आणि मागची पिसं त्याच वाटेनं निघतात. दुसऱ्या बाजूनं कापडातून ते पीस पकडा, आत ओढून घ्या आणि भोकावर नखानं कापड चोळा, म्हणजे धागे परत जवळ येतात. खोळ सरकू नये म्हणून दुलईला सेफ्टी पिना लावणं हीसुद्धा भोकं पाडण्याचीच तऱ्हा. चार कोपऱ्यांच्या शिवणीला नाड्या शिवा आणि खोळीच्या आतल्या नाड्यांना बांधा. फाटलं तर बारीक सुईनं, दाट टाक्यांनी शिवून शिवणीवर मेण घासा.

व्हॅक्यूम क्लिनर फिरवू नका, तो लव कापडातून बाहेर ओढतो. काठीनं झोडपू नका, दांडे मोडतात आणि मोडलेले दांडे टोचतात. दोन्ही हातांनी झटकलं की पुरतं. सकाळी उठल्याबरोबर अंथरूण आवरू नका. रात्रभरचा घाम आत असतो, दुलई अर्धा तास उलटी करून उघडी ठेवा. जर्मनीत सकाळी खिडकीच्या कठड्यावर दुलया वाळत टाकलेल्या दिसतात, त्या याचसाठी. सावली आणि वारा चांगला. धुकं किंवा पाऊस असेल तर खिडकी बंदच ठेवा.

हवा काढलेल्या पिशव्या

उन्हाळा आला की हवा खेचून घेणाऱ्या प्लास्टिकच्या पिशवीत दुलई पापडासारखी करून कपाटात उभी केली जाते. प्रवासात चार दिवस हे चालतं. सहा महिने दाबून ठेवलं तर तंतू मोडतात, आणि थोडा जरी ओलावा आत असेल तर बुरशी धरते. सुती पिशवीत किंवा जुन्या चादरीत सैल बांधा आणि कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवा, वर गाद्या-पेट्या रचू नका. डांबरगोळ्यांचा वास डाउन इतका धरून ठेवतं की पुढचा हिवाळाभर नाकाला जाणवतो. कसर लागायची भीती खरी आहे, कारण लोकरीसारखीच पिसंही ती खाते. पण कसर येते ती घाम-तेलाच्या वासावर, तेव्हा ठेवण्याआधी खोळ धुऊन दुलई पूर्ण कोरडी करणं हाच मोठा बंदोबस्त. हिमालयाच्या ट्रेकसाठी घेतलेल्या डाउनच्या स्लीपिंग बॅगलाही हेच लागू. ट्रेकहून आलात की लहान पिशवीतून त्याच दिवशी बाहेर काढा. ट्रेकमध्ये भरताना गुंडाळी करू नका, मुठीमुठीनं कोंबा, म्हणजे दर वेळी त्याच घडीवर तंतू मोडत नाहीत. आणि थंडी वाजली तरी तोंड बॅगेच्या आत घालून श्वास सोडू नका, ती वाफ रात्रभर डाउनमध्येच मुरते.

उशी संपली का ते बघायचं असेल तर मधोमध दुमडा, हवा दाबून काढा आणि सोडा. उलगडून परत फुगली तर ठीक. तशीच दुमडून पडून राहिली तर धुऊन काही होणार नाही, नवी घ्या. जुनीतली पिसं कंपोस्टला चालतात, त्यांच्यात नायट्रोजन भरपूर असतो, फक्त कुजायला वेळ घेतात. उसवण्याआधी उशी बादलीत बुडवून आतपर्यंत भिजू द्या, मगच शिवण कापा. कोरडी उशी घरात उसवली तर लव आठवडाभर पंख्याच्या पात्यांवरून झाडत बसावी लागेल.