सिग्नलवर काटा चढतो, रस्ता मोकळा झाला की उतरतो: दोष फॅनच्या कनेक्टरात निघाला

लक्षण असं: नागपूरच्या वर्धा रोडवर गाडी धावती असली की इंजिनच्या तापमानाचा काटा मध्यावर. सीताबर्डीच्या गर्दीत पाच मिनिटं थांबली की लालकडे, आणि एसीतून गरम हवा. मे महिन्यात, ४५ डिग्रीत.

कूलंट (इंजिन गार ठेवणारं द्रव) भरलं, थर्मोस्टॅट (तापमानाप्रमाणे त्याचा प्रवाह उघडणारी झडप) बदलला. दोन रविवार वाया गेले. धावत्या गाडीचा रेडिएटर वाऱ्यानेच गार होतो. फक्त उभी गाडी तापत असेल तर आधी रेडिएटरचा फॅन बघा.

सकाळी, इंजिन पूर्ण गार असताना हात घाला. गरम रेडिएटरचं झाकण उघडलं तर उकळतं कूलंट तोंडावर येतं. इंजिन चालू करून एसी लावला, फॅन फिरला नाही. इंजिन बंद. फ्यूज शाबूत. फॅनच्या रिलेच्या (त्याची वीज चालू-बंद करणाऱ्या स्विचच्या) जागी त्याच नंबरचा हॉर्नचा रिले लावला, तरी नाही. मग कनेक्टर सोडवून फॅनच्या दोन वायरींना बॅटरीतून थेट १२ व्होल्ट दिले, मध्ये ३० अँपिअरचा फ्यूज. फॅन फिरला, म्हणजे मोटर चांगली. कनेक्टर उजेडात धरला तर एक पिन काळी पडलेली, भोवतीचं प्लास्टिक वितळलेलं. पिन सैल झाली की तिथेच उष्णता तयार होते.

१० नंबरच्या पान्याने बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली. हे चुकवू नका, काही गाड्यांचा फॅन चावी काढल्यावरही अचानक फिरतो. दोन्ही बाजूंची जळकी वायर कापली, तेवढ्याच जाडीच्या वायरीचा नवा कनेक्टर क्रिंप केला (दाबून पक्का बसवला), वरून हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी). नुसती टेप गरमीत सुटते.

एसी बंद ठेवून इंजिन चालू केलं: काटा मध्याच्या जरा वर जाताच फॅन सुरू, थोड्या वेळाने आपोआप बंद.